दिव्याची खोळ

भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि आबा मांडवातून गायब झाले.

पहिल्या मंगलाष्टकाला ते माझ्या उजव्या हाताला उभे होते. डोक्यावर फेटा, मुठीत अक्षता, चेहरा गंभीर. दुसऱ्या मंगलाष्टकाला तिथं नुसता फेट्याच्या कापराचा वास उरला होता. अंतरपाटाच्या पलीकडे नवरा, मागे मामा, आणि नवरीच्या बापाचा पत्ता नाही. आईनं अक्षता टाकता टाकता मामाला विचारलं, "कुठं उलथलं हे?"

"बाहेर. अध्यक्षबाईंची गाडी आली."

"ह्यांची रजा हाय ना आज?"

"रजा डायवरला असती आक्का. खोळीला कुठली रजा?"

आईनं पुढच्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या नाहीत, मारल्या.

माझे वडील सोपान परीट हे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांचे ड्रायव्हर. अध्यक्ष अडीच-अडीच वर्षांनी बदलायचे, आबा तेच राहायचे. पांढरी अँबेसिडर आणि तिच्या टपावर लाल दिवा. तेव्हा लाल दिव्याचा रुबाबच असा होता की माणसं आधी उठून उभी राहायची आणि मग आत कोण आहे ते बघायची. दिवा सगळ्यांना ठाऊक होता. दिव्याचा नियम मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. ज्याच्यासाठी दिवा दिलाय तो माणूस गाडीत असेल तोवरच दिवा उघडा ठेवायचा, तो उतरला की वर काळी खोळ चढवायची. इतर गाड्यांच्या खोळी सीटखाली उंदरांच्या उपयोगी पडायच्या आणि साहेब मीटिंगला बसले की त्यांच्या दिव्याच्या गाड्या खुशाल मेथीच्या जुड्या आणायला मंडईत जायच्या.

आबांचं तसं नव्हतं. साहेबांचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत ते खोळ घेऊन टपाशी हजर. खोळ चढवायची, खालची कड बोटानं ओढून बघायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, "साहेब उतरले." देवापुढं दिवा लावल्यावर बाकीची माणसं हात जोडतात, तसं हे आबांचं दिवा झाकल्यावरचं. अध्यक्ष बाई असल्या तरी म्हणायचे 'साहेब'च. एकदा अध्यक्षबाई, म्हणजे कौशल्याताई, रस्त्यात पेरू घ्यायला उतरल्या. चार पेरू निवडून वळतायत तोवर दिव्यावर खोळ. ताई म्हणाल्या, "सोपानराव, मी मेले का काय?"

ती खोळ मी शिवलेली होती. सरकारी खोळ फाटली, नवीन मागवली, ती येता येईना. मग मी नववीत असताना आबांच्या जुन्या छत्रीचं कापड कापून, खाली इलॅस्टिक ओवून शिवून दिली. शाळेच्या शिवणकामात मला जेमतेम पास केलेलं. पण ही खोळ आबांनी आठ-दहा वर्षं वापरली.

तर पाचव्या मंगलाष्टकाला आबा हात झटकत परत आले. "बाबूनं नुसती वर ठेवली होती," ते आईला म्हणाले. बाबू म्हणजे त्या दिवसापुरता बदली ड्रायव्हर. "इलॅस्टिक खाली ओढलंच न्हवतं. वारं आलं असतं तर?"

"लेकीवर अक्षता टाका आधी," आई म्हणाली.

टाकल्या. माझं लग्न लागलं. आबा अजूनही म्हणतात की ते फक्त एका कडव्यापुरते गेले होते. तीन कडवी. मी तिथंच उभी होते, मला जाता येण्यासारखं नव्हतं.

खरी गंमत पंगती उठल्यावर सुरू झाली.

माझ्या सासरचा कारभार महिपती अण्णांच्या हातात. ते सुहासचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, चुलते. सुहासचे वडील तो लहान असताना गेले, त्याला वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं ते अण्णांनी. माणूस दिलदार, पण तोंड म्हणजे जत्रेतला भोंगा. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी पिंपळकोंडात जाहीर करून टाकलं होतं, "आमची सून लाल दिव्याच्या गाडीतनं येणार!" आबांनी दोनदा सांगितलं, "अण्णा, गाडी सरकारी हाय, मला न्हाई जमायचं." अण्णांना वाटलं, मुलीचा बाप आहे, नम्रपणानं बोलतोय. ते हसले, आबांच्या पाठीवर थाप मारली आणि नवरीसाठी गाडी ठरवायचीच राहिली. वऱ्हाडाचे टेम्पो जेवून पुढं निघून गेले, त्यात अण्णाही गेले, वेशीत बँड उभा करायला. माझ्या पाठराखीण मावशीही त्याच टेम्पोत चढल्या. मांडवाच्या दारात मी आणि सुहास, पायात नवीन चपला, आणि समोर रिकामा रस्ता.

"अण्णा म्हणाले, गाडी तुमच्याकडची आहे," सुहास चाचरत म्हणाला.

आबांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात कौशल्याताई पान खात बाहेर आल्या. त्यांना उंबऱ्याला पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं, आणि उंबरं पिंपळकोंडाच्या अलीकडचंच गाव. घाटही तोच. "मग चला की माझ्यासंगं," त्या म्हणाल्या.

"ताई, गाडी सरकारी हाय," आबा म्हणाले.

"सरकारी कामालाच चाललीय न्हवं? मी आत हाय का न्हाई?"

"हाय."

"मग माझ्या शेजारी कोण बसावं ह्याचा काही नियम हाय?"

आबांनी खरोखर विचार केला. घामानं फेट्याचा रंग कपाळावर उतरत होता. "तसा न्हाई," ते म्हणाले.

"मग झालं तर."

बाबूनं चावी घेतली, तशी आबांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. घाटात बाबू चालवणार, आत अध्यक्ष, हे त्यांना सोसवेना. आई पुढं झाली. "अहो, काही रीतभात? बापानं लेकीला सोडायला जायचं नसतं!"

"बाप कुठं जातोय? बाप हितंच हाय. डायवर चाललाय."

आणि फेटा काढून ते आतल्या खोलीत गेले, बाहेर आले ते पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. आम्ही परटाच्या घरचे. आबांच्या युनिफॉर्मला अशी खळ असायची की तो नुसता जमिनीवर ठेवला तरी उभा राहिला असता. तो त्यांनी त्या दिवशीही बरोबर आणला होता. रजेच्या दिवशी, मुलीच्या लग्नात.

पाठवणी झाली. आई रडली, मामा रडला, शेजारच्या वहिनी तर जन्मभर माझ्याशी भांडून त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडल्या. सगळ्यांचे बाप रडतात. माझा बाप टायरला लाथ मारून हवा बघत होता. मला राग आला, इतका की माझंही रडू आतच राहिलं.

वाटेत ताईंनी आम्हाला हसवून सोडलं. मागच्या सीटवर त्या आणि मी, पुढं आबांशेजारी सुहास, तोही असा ताठ बसलेला की दोघांतला ड्रायव्हर कोण ते कळू नये. टपावर दिवा उघडा, लाल लखलखीत. फाट्याफाट्यावर माणसं उठून उभी राहत होती. एका म्हाताऱ्यानं तर मलाच रामराम घातला.

"घे की," ताई म्हणाल्या. "दिव्याखालचा रामराम फुकटचा असतोय. मला सरपंच असताना कुत्रं इचारत न्हवतं." मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सासूशी पहिल्या दिवसापासनं खरं बोल. खोटं बोललीस तर आठवणीत ठेवावं लागतं." हा सल्ला मला पुढं फार उपयोगी पडला. आबा या सगळ्यात चकार शब्द बोलले नाहीत. मागं साहेब असताना ते कधीच बोलायचे नाहीत आणि मागं वळून तर नाहीच नाही.

घाट चढून उंबरं आलं. टाकीखाली मांडव, हार घेऊन माणसं. ताई उतरल्या. "तुम्ही पुढं व्हा, सोपानराव. पोरीला दारात सोडून या. आमची भाषणं काय लवकर आटपत न्हाईत."

"पण ताई..."

"गाडी माझी हाय न्हवं? मीच पाठवतीय. वेशीत बँडवाली ताटकळत असतील."

आबांनी मान डोलावली. हुकूम तो हुकूम. दार उघडून ते खाली उतरले, डिकीतून खोळ काढली, दिव्यावर चढवली, खालची कड ओढली. "साहेब उतरले," मला आतून ऐकू आलं.

सुहासनं घसा खाकरला. "मामा, अण्णांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय..."

"जावईबापू, ताई उतरल्या," आबा म्हणाले आणि गिअर टाकला.

आता माझ्याच्यानं राहवेना. मी पुढं वाकले. "आबा, आजचा दिवस. पुढच्याच गावापर्यंत. मी पहिल्यांदा त्या घरात जातेय. तिथं पोचल्यापोचल्या अण्णांची मान खाली गेली तर ते जन्मभर मला ऐकवतील."

"ऐकवू देत."

"तुम्हाला काय जातंय? ऐकायचं मला आहे."

"दिवा गाडीचा नसतोय जयू. माणसाचा असतोय. माणूस उतरला."

"मी बसलेय ना आत!"

"तू अध्यक्ष न्हाईस."

"म्हणजे आत कुणीच नाही?"

आबांनी आरसा उगाच नीट केला. "नियमानं न्हाई," ते म्हणाले.

पाठवणीला जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. चांगलं भळाभळा. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि नियमानं गाडीत कुणी नाही. सुहासनं न वळता खांद्यावरून मागं रुमाल धरला. सासरची ती माझी पहिली भेटवस्तू. तो अजून माझ्याकडे आहे, त्याच्यावर 'अभिनंदन' असं भरतकाम आहे आणि ते दुसऱ्या कुणीतरी भरलेलं आहे. तो विषय वेगळा.

पिंपळकोंडाच्या वेशीत मारुतीचं देऊळ, देवळापुढं बँड, बँडपुढं गुलाबी फेटा बांधलेले अण्णा आणि त्यांच्यामागं सगळा गाव. गाडी दिसताच अण्णांनी हात वर केला, बँडनं पहिला ठोका दिला. मग अण्णांची नजर टपावर गेली आणि हात वरच राहिला.

ते तरातरा खिडकीशी आले. "सोपानराव, हे काय? दिवा कुठाय?"

"हाय की. झाकलाय."

"का झाकलाय?"

"अध्यक्षबाई उंबऱ्यात उतरल्या."

"अहो मग बरंच झालं! कोण बघतंय हितं? काढा ते कापड आणि पेटवा दिवा."

"जमणार न्हाई अण्णा."

अण्णांचा आवाज चढला. बँड आपोआप थांबला. "म्या गावाला शब्द दिलाय! ह्या वेशीत माझं हसं करायला आलाय का तुम्ही?"

आबा खाली उतरले. हात जोडले. "अण्णा, पोरगी दिली तुमच्या घरात. आता माझ्यापाशी हाय ते सगळं तुमचंच हाय, मागाल ते देईन. पण ह्यो दिवा माझा न्हाई. जे माझं न्हाई ते म्या कुठनं देऊ?"

तेवढ्यात बायकांतली एक म्हणाली, "आन् काळं कापड गं बाई! लग्नाच्या गाडीवर काळं!" झालं. इतका वेळ नुसत्या रुबाबाचा प्रश्न होता, आता शकुन-अपशकुनाचा झाला. कुजबुज पसरली. अण्णांना आधार मिळाला. "बरोबर हाय! काळं घालून सून गावात येणार न्हाई. एकतर ते कापड काढा, न्हाईतर ही गाडी हितनंच माघारी. नवरीला ट्रॅक्टरमधनं नेतो आम्ही!"

सुहास उतरून अण्णांना समजवायला गेला. त्याला अण्णांनी एका शब्दात गप्प केलं. त्यांचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. मी आत बसून बघत होते. ट्रॅक्टर खरंच उभा होता, ट्रॉलीत उसाचं पाचट.

तेव्हा आबांनी एक गोष्ट केली. ते टपाशी गेले आणि खोळीच्या इलॅस्टिकमध्ये दोन बोटं घातली. आणि मग त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. आरशातून नाही, खिडकीतून, समोरासमोर.

"जयू," ते हळू म्हणाले, "तू सांग. काढू?"

मला कळलं की मी मान हलवली असती तर त्यांनी ती काढली असती. जन्मात पहिल्यांदा. माझ्यासाठी. आणि मग रिकाम्या गाडीतून, एकटे, उंबऱ्याला परत गेले असते.

"नको," मी म्हणाले.

मला वाटलं मी हळू म्हणाले. पण बँड बंद होता. सगळ्या वेशीला ऐकू गेलं. नव्या नवरीनं उंबरठा ओलांडायच्या आधीच चुलत सासऱ्याला 'नको' म्हटलं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

त्यांच्यातून एक बाई पुढं आली. बारीक चणीची, कपाळ मोकळं, पण लेकाच्या लग्नात रीत न जुमानता हातात औक्षणाचं ताम्हन. माझ्या सासूबाई, अनुसूयाबाई. बघायला आल्या होत्या तेव्हा त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, सगळं अण्णाच बोलले होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "पोरीला तोंड हाय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. ह्या घरात इतकी वर्सं एकट्या भावजींनाच होतं."

हशा पिकला. अण्णाही नाइलाजानं मिशीत हसले.

मग त्या आबांकडे वळल्या. "व्याही, ते झाकलेलंच असाया पायजे न्हवं?"

"व्हय."

"किती कापडांनी झाकायचं, ह्याचा काही नियम हाय का?"

आबांनी पुन्हा विचार केला. त्या दिवशी दोन बायकांनी त्यांना नियमाच्या दोन फटी दाखवल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे शोधून बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "झाकायचं एवढंच हाय."

"मग घ्या." सासूबाईंनी माझ्या ओटीसाठी आणलेला हिरवा खण ताम्हनातून उचलला, पायाच्या बोटांवर उभ्या राहिल्या, तरी हात पुरेना. आबांनी खण घेतला आणि खोळीवरून नीट बांधला. मग सुहासनं ताम्हन वर धरलं आणि सासूबाईंनी हळदीकुंकू वर खणावर उधळलं. कापूर पेटवून गाडीला ओवाळलं. "आता काळं कुठं दिसतंय का कुणाला?" त्यांनी त्या मघाच्या बाईला विचारलं.

अण्णांनी एकदा टपाकडं बघितलं, एकदा गावाकडं. राजकारण त्यांच्या रक्तात होतं. "अरे, बघत काय बसलाय? वाजवा!" ते ओरडले.

गाडी वेशीतून आत शिरली. आणि मग जे झालं ते पिंपळकोंडातच होऊ शकतं. त्यांच्या गावदेवीचा मुखवटा उजळायला शहरात सराफाकडे गेलेला होता आणि यात्रेआधी कधीही यायचा होता. असा मुखवटा गावात येताना खणानं झाकूनच येतो, देवळात बसेपर्यंत त्याचं तोंड कुणी बघायचं नसतं. वेशीतला प्रकार वेशीतल्यांनाच ठाऊक. पुढच्या आळीतल्यांना दिसलं ते इतकंच: पांढरी सरकारी गाडी, वर खण पांघरलेलं, हळदीकुंकू ल्यायलेलं काहीतरी, पुढं बँड आणि अण्णा. एक म्हातारी ओट्यावरून उतरली, आडवी झाली आणि तिनं दंडवत घातला. "आई आली गं!" ती म्हणाली. पुढच्या घरातून नारळ आला. मग पाणी घेऊन बायका धावल्या, चाकांवर पाणी पडलं, काचेवर गुलाल बसला. आबांनी वायपर लावले, तसा गुलालाचा चिखल झाला. बँडवाल्यानं माणसांचा रंग ओळखला आणि लग्नातलं गाणं सोडून देवीची आरती धरली. अण्णांनी मागं वळून काय चाललंय ते बघितलं, क्षणभर विचार केला, आणि दोन्ही हात वर करून आरोळी दिली, "उदे गं अंबे उदे!"

सुहास पुढच्या सीटवर डोकं धरून हसत होता. मी रडत होते की हसत होते मला सांगता येत नाही, काजळ दोन्हींनी सारखंच पसरतं. लाल दिव्याला लोक उभे राहायचे. आमच्या झाकलेल्या दिव्याला त्या दिवशी लोक आडवे झाले. आणि आत मी होते.

सासरच्या दारात गाडी थांबली. सुहास दाराला हात घालणार, तोच आबा उतरून वळसा घालून आले. अध्यक्षांसाठी उघडायचे तसं त्यांनी माझ्या बाजूचं दार पूर्ण उघडलं. टोपी काखेत, टाचा जुळलेल्या, नजर समोर. मी बाहेर पाऊल ठेवलं, शालू अडकला, त्यांनी वाकून सोडवला. मी उतरले. त्यांनी दार लावलं, सवयीनं टपावर हात नेला, खणाखालच्या खोळीची कड बोटानं ओढून बघितली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. बँड अगदी कानाशी वाजत होता.

आत ते आले नाहीत. लेकीच्या घरचं पाणी पहिल्या दिवशी बापानं घ्यायचं नसतं, आणि ड्रायव्हरला उंबऱ्याला परत जायचं होतं. सासूबाईंनी गाडीतच पाच लाडू ठेवले, ते ताईंनी खाल्ले असं नंतर कळलं. गाडी वळून गेली. अण्णांनी मला कधी काही ऐकवलं नाही. उलट पुढची दहा वर्षं ते यात्रेत पाहुण्यांना सांगत राहिले, "आमची सून? लाल दिवा काय घेऊन बसलाय, देवीच्या गाडीतनं आली!"

आईनं मला पहिल्या सणाला माहेरी आल्यावर सांगितलं की आबांनी त्या खोळीला खणातून लागलेली हळद धुऊ दिली नाही. परटाच्या घरात, ज्या माणसाला शर्टावर डाळीचा थेंब चालत नाही त्यानं. कार्यालयासाठी बाजारातून नवीन काळं कापड आणून दुसरी खोळ शिवून घेतली आणि ही घडी घालून आपल्या ट्रंकेत ठेवली. का म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाले, इलॅस्टिक सैल झालंय.

मग आबा निवृत्त झाले. आणि दोन हजार सतराच्या मे महिन्यात सगळ्याच साहेबांचे दिवे गेले. टीव्हीवर माणसं टपावरून दिवे काढताना दाखवत होते. मी आबांना फोन केला, म्हटलं, वाईट वाटलं असेल. "कशाचं?" ते म्हणाले. "एवढे डायवर खोळ घालत न्हवते. आता घालायलाच नको. बरंच झालं." मग म्हणाले, "आता नुसत्या अँब्युलन्सवाल्यांना आन् बंबवाल्यांना राहिलाय." बोलण्यावरून वाटलं की त्यांनी नवा नियमही पाठ केलाय.

पुढच्याच वर्षी मी माहेरी असताना सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत कळ आली. फोन केला, अँब्युलन्स आली. मी आत त्यांच्याजवळ बसले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, कपाळावर घाम, पण डोळे टक्क उघडे. मी त्यांचा हात धरला होता. बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या काचांवर दिव्याची तांबडी-निळी उघडझाप दिसत होती. ती त्यांनी बघितली. मास्क बाजूला सारला.

"जयू, दिवा लावलाय का गं ह्यानं?"

"हो आबा. बोलू नका."

"कशाला? आत कोण हाय?"

दहा वर्षं ह्या प्रश्नाची मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. उत्तर तयार निघालं.

"तुम्ही आहात."

त्यांनी विचार केला. खरोखर, नेहमीसारखा शोधून. "नियमानं?"

"नियमानं."

मास्क त्यांचा त्यांनीच नीट बसवला. काचेतून त्यांना दिसत होतं, रिक्षा बाजूला होत होत्या, एक एसटी थांबली, भाजीवाल्यानं हातगाडी मागं ओढली. आयुष्यभर ज्यांनी हे पुढच्या सीटवरून, दुसऱ्या कुणासाठी बघितलं, ते आज झोपून स्वतःसाठी बघत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे गेलं. ते मी पदरानं पुसलं.

दवाखान्याच्या दारात माणसं धावत आली, स्ट्रेचर खाली घेतलं. दिवा तसाच फिरत होता. मी ड्रायव्हरच्या खिडकीवर थाप मारली.

"दिवा बंद करा. साहेब उतरले."

स्ट्रेचर आत निघालं होतं. आबांनी हात वर करून ते थांबवलं, मास्क खाली ओढला आणि माझ्याकडे बघून हसले.

"म्हंजी त्या दिवशी बँडच्या आवाजात ऐकलं होतंस तर तू."